शेवटच्या खोलीतला ताप

१

शेवटच्या खोलीत चार पलंग होते आणि त्यातले तीन रिकामे होते. चौथ्यावर एक बाई छताकडे बघत पडल्या होत्या. पाच महिन्यांत या एका खोलीतून तिघींना न्यूमोनिया होऊन इस्पितळात हलवलं होतं. दोघी परत आल्याच नाहीत आणि तिसरी अजून प्राणवायूवर होती. बाकीच्या सहा खोल्यांत मात्र कुणाला साधा खोकला नव्हता.

"साथ होती मॅडम," व्यवस्थापक म्हणाले.

"साथ खोलीचा नंबर बघून येते होय?"

ते कसनुसं हसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि काखेत फाइल. अशी माणसं मला एरवी आवडतात.

मी तपासनीस आहे. आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला ठेवतात अशी बेचाळीस घरं माझ्या वाट्याला आहेत. माझी जीभ तिखट आहे, गुडघे कुरकुरतात आणि मला बघून लोक घाईघाईने चादरी ताणू लागले की मला बरं वाटतं, हे आधीच कबूल करून टाकते. या घरात मी साडेआठ महिन्यांपूर्वी येऊन अकरा शेरे लिहून गेले होते. तीन आठवड्यांनी परत येऊन बघितलं तर अकराच्या अकरा पुरे केलेले. अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी 'उत्तम' असं लिहून, चहा पिऊन गेले होते. म्हणून परवा या घराविरुद्ध तक्रार हातात पडली तेव्हा मला वाईट तर वाटलंच, पण थोडा रागही आला.

तक्रार पहिल्या पलंगावरच्या आजींच्या मुलीची होती. आजी तरुणपणी टेलिफोन ऑफिसात होत्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनवाल्या आजी म्हणत. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. लेक गाडी चालवायला शिकवते. बाहेर बाकावर ती ताठ बसली होती.

"इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला फोटो दाखवला," ती म्हणाली. "उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग. म्हणाले, अन्न पोटात जायचं ते थोडं थोडं करून छातीत गेलंय. एक दिवसाचं नाही, कित्येक दिवसांचं. आणि हे टाळता आलं असतं. टाळता आलं असतं, असं म्हणाले ते. मग टाळलं का नाही? कुणी टाळलं नाही? मला नाव पाहिजे."

"नाव तयार आहे ताई," व्यवस्थापक मागून म्हणाले. "त्या खोलीची मावशी. अकरा वर्षं झाली, आता तिला कामाचा कंटाळा आलाय. चार वाजता आमची समिती बसतेय. ठराव झाला की पोलिसांत देणार तिला. अर्जसुद्धा टाइप करून ठेवलाय."

घड्याळात साडेदहा वाजले होते. साडेपाच तासांत एका बाईच्या कपाळावर कायमचा शिक्का बसणार होता. तो तिचाच असेल तर माझी हरकत नव्हती. मी नेहमीप्रमाणे खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपासून सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसांचं तोंड साफ ठेवलं नाही तर तिथली घाण थुंकीबरोबर छातीत उतरते आणि ताप भरतो, हे या धंद्यातलं पहिलं पान. पेल्यात चार टूथब्रश उभे होते. मी एकेक काढून अंगठा फिरवला.

चारही ब्रश कोरडे ठणठणीत होते. केस सरळ, नवेकोरे. त्यांनी पाणी कधी बघितलंच नव्हतं.

२

मावशी साठीच्या घरातली, बुटकी, मनगटं जाड. मी बोलावलं तेव्हा ती दारातच उभी राहिली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली.

"तोंड कधी धुता यांची?"

"दोनदा. सकाळी आणि झोपताना."

"ब्रश तर कोरडे आहेत."

तिने खिशातून उकळून वाळवलेल्या कापडाचा तुकडा काढला आणि बोटाला गुंडाळून दाखवला. "ब्रश चावतात बाई त्या. एकीच्या हिरडीतून रक्त आलं, तेव्हापासून हे. कोमट पाण्यात बुडवायचं आणि गालाच्या आतून, जिभेवरून फिरवायचं. ब्रश साहेबांनी ठेवायला लावलेत, दिसायला बरे."

मी चौथ्या पलंगापाशी गेले आणि तिथल्या बाईंना तोंड उघडायला सांगितलं. जीभ गुलाबी, हिरड्या घट्ट, एक कण नाही. माझ्या स्वतःच्या तोंडाची इतकी निगा मी ठेवत नाही. म्हणजे घाण तोंडात नव्हती. डॉक्टर म्हणाले होते तसं अन्नच वाट चुकत होतं, आणि अन्न भरवणारी एकच होती.

"भरवता कशा?"

"चमच्यानं."

"ते कळलं. बसवून की झोपवून?"

आता पहिल्यांदा तिने वर बघितलं. नजरेत काय होतं ते मला उमगलं नाही. भीती म्हणावी तर तशी नव्हती.

"जसं करायला लावलंय तसं करते."

"कुणी लावलंय?"

मी आवाज चढवला, समजावून सांगितलं, चारचा ठराव सांगितला, पोलीस सांगितले. मावशीने ताकास तूर लागू दिली नाही. माझ्या अनुभवात इतकं गप्प बसणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगार असतो.

शेवटी जाता जाता ती एवढंच म्हणाली, "मला कशाला विचारता बाई? तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे."

मला तो टोमणा वाटला. मी वहीत लिहिलं, 'उर्मट'.

३

स्वयंपाकघरात आचारी कपाळाचा घाम पुसत उभा होता. तो भला मोठा आणि घाबरट. मी काही विचारायच्या आधीच त्याने कानावर हात ठेवले.

"माझं अन्न ताजं असतं. एकच भांडं, सगळ्यांना त्यातलंच. बाकीचे आपले आपण बसून जेवतात, त्यांना काही होत नाही."

"शेवटच्या खोलीलाही तेच?"

तो अडखळला. "त्यांना जरा पातळ. आधी घोटलेलं घट्ट द्यायचो, चमच्यावर उभं राहील असं. मग मावशी म्हणायला लागली, पातळ कर, पातळ कर. आता पाण्यासारखं करतो. दोन मिनिटांत उतरतं, म्हणते."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना पातळ देणं धोक्याचं. घट्ट घास जिभेवर थांबतो, सावरायला वेळ देतो. पातळ सरळ पळतं, कधी या नळीत, कधी त्या. अकरा वर्षं घट्ट भरवणारी बाई एकाएकी पातळ मागते ती कशाला? लवकर आटपायला. व्यवस्थापकांचं म्हणणं खरं ठरत होतं. मला समाधान वाटायला हवं होतं, पण ती स्वच्छ जीभ डोळ्यांपुढून हलेना. जी बाई कापड उकळून बोटाला गुंडाळते, ती दोन मिनिटं वाचवायला घास पातळ करील?

सिस्टर वरच्या टेबलाशी होती. चोवीस-पंचवीसची पोर, सतरा माणसांचा ताप, रक्तदाब आणि गोळ्या एकटीच्या डोक्यावर. तिने तक्ता पुढे केला. प्रत्येक जेवणापुढे पलंग किती वर केला तो कोन लिहिलेला. पंचेचाळीस अंश, पंचेचाळीस, पंचेचाळीस. महिनोन्‌महिने.

"म्हणजे मावशी उचलून बसवते म्हणायची," मी म्हटलं.

"हो. म्हणजे... तक्त्यात तसंच असतं."

मी आजच्या ओळीवर बोट ठेवलं. "आता किती वाजले?"

"सव्वाबारा."

"मग आज संध्याकाळच्या जेवणापुढेही पंचेचाळीस कसं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती रडायला लागली आणि रडता रडताच सांगून मोकळी झाली. सगळं सकाळीच एकदम भरून ठेवते. मागची सिस्टर तसंच करायची. शेवटच्या खोलीत जेवणाच्या वेळी आपण एकदाही गेलेलो नाही. "तक्ता कोरा राहिला तर साहेब ओरडतात, खोटा भरला तर कुणी ओरडत नाही," ती म्हणाली. मी तिला रागावणार होते, पण ते वाक्य इतकं खरं होतं की मी ते वहीत उतरवून घेतलं.

तेवढ्यात तिने डोळे पुसले आणि दुसराच कागद काढला. "अजून एक आहे मॅडम. हे तुम्हाला नाहीतरी सांगणारच होते. चौथ्या पलंगाला आज सकाळपासून ताप आहे. थोडाच. शंभर."

४

चौथ्या पलंगावरच्या बाई म्हणजे तिकीटबाई. तीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात तिकीटखिडकीवर बसल्या. डावं अंग गेलेलं, बोलणं जरा ओढत, पण जीभ शाबूत. मी सिस्टरला ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायला पाठवलं आणि त्यांच्या उशाशी बसले.

"कुठलं तिकीट देऊ?" त्यांनी विचारलं.

"जे असेल ते."

"मला छताचं दिलंय. एकच खेळ, पंखा. तीन पाती, एक वाकडं. नाश्त्याला तोच, जेवायला तोच. नायिका नाही, गाणी नाहीत." त्या खोकल्या. खोकला ओला होता. "घास गिळेस्तोवर वाकडं पातं किती वेळा येतं ते मोजते. पूर्वी बरं होतं. पूर्वी खिडकीचं तिकीट होतं."

खिडकी त्यांच्या पलंगाला लागूनच होती. खाली रस्ता, पलीकडे दुकानांची रांग.

"समोरच्या चपलांच्या दुकानात सेल लागला होता," त्या म्हणाल्या. "मोठी लाल पाटी. सगळा माल गेला का हो त्याचा?"

मी उठून खाली बघितलं. समोर चपलांचं दुकान नव्हतंच. औषधांचं होतं, मोठ्ठं, काचेचं. त्याची पाटीसुद्धा उन्हाने फिकी पडलेली.

"काय रे, हे दुकान कधी बदललं?" मी दारातल्या सफाईवाल्याला विचारलं तसं तो म्हणाला, "केव्हाचं. सेल लावला आणि महिनाभरात बंद केलं. झाले की आठ महिने."

मी पुन्हा खाली बसले. डोकं भराभर चालू लागलं. दिवसातून तीन वेळा पंचेचाळीस अंशांत बसणाऱ्या बाईला खिडकीखालचं दुकान दिसायला पाहिजे. तिला सेल माहीत आहे, दुकान बंद झालेलं माहीत नाही. म्हणजे साडेआठ महिन्यांपूर्वी ती उठून बसत होती आणि आठ महिन्यांपूर्वी नाही. मधल्या दोन-तीन आठवड्यांत काहीतरी झालं. त्या दिवसापासून ही बाई आडवीच जेवते. आडव्या माणसाच्या घशात घट्ट घास अडकतो, म्हणून मावशीने पातळ मागितलं. आळसापायी नाही. गुदमरू नये म्हणून. आणि त्या मायेनेच घास छातीत जायची वाट जास्त सोपी केली.

पण मग उचलून बसवत का नव्हती?

तिकीटबाईंना धाप लागत होती. आधी त्यांना बसतं करणं गरजेचं होतं. हे जुने लोखंडी पलंग, पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. मी पायथ्याशी वाकले, जमिनीपर्यंत आलेली चादर बाजूला केली आणि हँडलसाठी हात घातला.

हाताला काहीच लागलं नाही. लोखंडी दांड्याचं नुसतं चौकोनी टोक होतं, धूळ बसलेलं. मी दुसऱ्या पलंगाखाली बघितलं, तिसऱ्या, पहिल्या. चारही पलंगांची हँडलं गायब होती.

५

आधी तिकीटबाईंना सफाईवाल्याच्या मदतीने उचलून, पाठीमागे गादीची गुंडाळी लावून बसवलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि "अगं बाई, गेलं की दुकान," एवढंच म्हणाल्या.

सकाळपासून मी येताजाता सगळ्यांना विचारत होते, मी मागे येऊन गेल्यापासून इथे नवीन काय झालं? रंग दिला, पडदे आले, पेला-ब्रश आले, लांब चादरी आल्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आलेल्या गोष्टी माणसाला आठवतात. गेलेली गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि मला ती बघता आली नाही, कारण जे नाही ते बघणार कसं?

मावशी मागच्या जिन्यात कपडे घड्या करत होती. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"हँडलं कुठे आहेत मावशी?"

घडी थांबली. "तीन कुठे गेली माहीत नाही. एक साहेबांच्या कपाटात."

"मागितलंत का?"

"सुरुवातीला रोज. बारा वाजता देत कधी कधी. सकाळचा नाश्ता सात वाजता, साहेब येणार दहाला. रात्रीचं सहाला, ते जाणार साडेपाचला. किल्ली त्यांच्या खिशात. उशा लावून बघितल्या, तर मान पुढे वाकते आणि धड खाली घसरतं. एकटीनं उचलायला माझ्यात जोर राहिला नाही. मग एक दिवस साहेब म्हणाले, हँडल बाहेर दिसलं आणि तपासणी आली तर तुझी नोकरी जाईल." ती जरा थांबली. "मग मी मागायचं सोडलं. तो माझा गुन्हा. तो मी नाकारत नाही."

"हे सकाळी का नाही सांगितलंत? समोर पोलीस दिसतायत आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात!"

ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळचीच नजर होती ती. आता मला ती ओळखता आली. तिला माझी लाज वाटत होती. माझ्या वतीने ती ओशाळली होती.

"तोंडावर कसं सांगणार बाई? हँडलं तुम्हीच काढायला लावली होती ना?"

६

व्यवस्थापकांनी फाइल मोठ्या उत्साहाने काढून दिली. 'शेऱ्यांची पूर्तता', वर सोनेरी अक्षरं. माझंच अक्षर, माझीच सही.

शेरा क्रमांक सात. 'पलंगाची हँडलं वाटेत येतात. ये-जा करणाऱ्यांना इजा होऊ शकते. वापर झाल्यावर ती प्रत्येक वेळी आत दुमडावीत.'

मग मला आठवलं. त्या दिवशी घाईत होते. दोन पलंगांच्या मधून जाताना हँडल नडगीवर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं, मावशी धावत बर्फ घेऊन आली, आणि मी तिला झिडकारून तिथेच उभ्या उभ्या शेरा सात लिहिला होता. आधीचे सहा शेरे विचार करून लिहिले होते, हा दुखऱ्या पायाने लिहिला होता. मावशी समोरच होती. तिने माझा राग बघितला होता.

"दुमडा म्हटलं होतं," मी म्हटलं. "काढा नव्हतं म्हटलं."

"रोज बारा वेळा कोण दुमडणार मॅडम? एकदा राहिलं की पुन्हा शेरा. काढूनच टाकली, प्रश्नच मिटला." ते नम्रपणे हसले. "आणि तुम्ही परत आलात तेव्हा बघितलंत की. तुम्हीच बरोबरची खूण केलीत."

ती खूण तिथे होती. निळ्या शाईत, शेपूट वर उडवलेली. हँडल बाहेर दिसत नाही एवढंच मी बघितलं होतं. मग पलंग वर कसे करता, हा एक प्रश्न. पाच शब्द. तो विचारायला दहा सेकंदं लागली असती. मी चहा प्यायला गेले होते.

चार वाजले होते. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

७

समितीत तिघे होते, सगळे घड्याळाकडे बघणारे. व्यवस्थापकांचा अर्ज टेबलावर मधोमध. दाराशी मावशी उभी, तिच्या बाजूला सिस्टर. लेक खुर्ची देऊनही बसली नाही.

मी सगळं क्रमाने सांगितलं. स्वच्छ जीभ, पातळ घास, सकाळीच भरलेला तक्ता, खिडकीखालचं दुकान, कपाटातलं एक हँडल. चारजणींना आठ महिने आडवं भरवलं गेलं, नाश्त्याला आणि रात्री तर दुसरा उपायच नव्हता. हँडलं काढली ती व्यवस्थापकांनी, कटकट नको म्हणून. कोन लिहिला तो सिस्टरने, न बघता. मागायचं सोडलं ते मावशीने, भीतीपोटी. "आणि या सगळ्यावर बरोबरची खूण केली ती मी. माझ्या पायाला लागलं होतं म्हणून मी तो शेरा लिहिला आणि न विचारता पास केला. हे माझ्या अहवालात माझ्या नावाने पहिलं असेल. मावशीवरचा अर्ज मागे घ्या. तिच्यावर खापर फोडलंत तर मी तिच्या बाजूने साक्ष देईन."

व्यवस्थापक इतके सुटल्यासारखे झाले की मला त्यांची किळस आली. "म्हणजे चूक तपासणीचीच! हे लिहून द्याल ना मॅडम?"

"देईन. तुमच्या कपाटाची किल्लीही त्यातच येईल."

समितीच्या प्रमुखांनी अर्ज उचलला आणि फाडला. मग व्यवस्थापकांकडे हात पुढे केला. "किल्ली." त्यांनी खिशातून काढून दिली.

मावशी भिंतीला टेकली. वाचली याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. "पण भरवलं तर मीच," ती हळूच म्हणाली. "आजी मान हलवायच्या, नको म्हणायच्या. मी म्हणायचे, एवढा एकच घ्या. मीच घातला ना तो आत?"

उत्तर हो असंच होतं, पण ते तिला एकटीला द्यायचं नव्हतं. शेवटी लेकच तिच्याजवळ गेली. तिने मावशीचा हात धरला नाही, मिठी मारली नाही. "आई शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती की मावशी बसते तेवढा वेळ कुणी बसत नाही," ती म्हणाली. "मला तुमचा राग आहे. पण हे तिने म्हटलं होतं, ते तुम्हाला सांगायला पाहिजे."

मग ती माझ्याकडे वळली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "माफी तुमच्या अहवालात लिहा. मला एक सांगा, हा सात नंबरचा शेरा तुम्ही अजून कुठे लिहिलाय?"

सकाळपासून मी इतकी हुशारी केली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्या दिवशी नडगी काळीनिळी झाली होती. आठवडाभर लंगडत होते. त्या आठवड्यापासून पुढे जिथे जिथे हँडलाचे पलंग दिसले तिथे तो शेरा मी अभिमानाने लिहीत गेले होते. ऑफिसातल्या नवीन पोरांनाही शिकवला होता. मी वही उघडून मोजायला लागले.

"सतरा," मी म्हटलं.

"फोन करा," लेक म्हणाली. "आत्ता, इथूनच."

खाली, चार वेळा फोन केल्यावर आत्ता कुठे आलेल्या रुग्णवाहिकेत तिकीटबाईंना बसवून नेत होते. त्यांचा आवाज जिन्यातून वर आला, कुणावर तरी ओरडत होत्या की सरळ धर, कोसळतेय मी. ओरडण्याइतका दम होता, तेवढं बरं वाटलं. मी पहिला नंबर लावला. समोरच्या बाई माझा आवाज ऐकून सावरून बोलायला लागल्या.

"सगळं ठीक आहे मॅडम. तुमचे शेरे पाळतोय."

"पलंगांची हँडलं कुठे आहेत?"

"ती ना? केव्हाच काढून टाकली. तुम्ही येऊन खूणही करून गेलात की." मागे ताटल्यांचा आवाज येत होता. "पाच मिनिटांनी फोन करू का मॅडम? आजच्या जेवणाला जरा लवकर सुरुवात केलीय, भरवणं चाललंय."

"थांबवा," मी म्हटलं. "जो घास हातात आहे तो खाली ठेवायला सांगा. आत्ताच्या आत्ता."